पाठ केलेलें साम्राज्य

खेळ शिकविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलींत शिकणाऱ्यास नियम सांगतात, त्या नियमांमागील कारणें उलगडून दाखवितात, आणि मग त्याला पटासमोर बसवितात. दुसरींत तयार खेळ्यांची एक यादी त्याच्या हातीं ठेवून ती मुकाट्यानें गिरवावयास सांगतात. पहिल्या रीतीनें खेळाडू तयार होतो. दुसरीनें नकलनवीस तयार होतो. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ‘सिव्हिलायझेशन’ या विख्यात खेळाच्या बाबतींत ही दुसरी रीत आज इतकी बोकाळली आहे कीं, तिच्याविरुद्ध स्पष्ट शब्दांत लिहिणें मला अवश्य वाटतें. एका खेळासाठीं मासिकाचीं पानें कां खर्चीं घालावीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु आपल्या घरांतील मुलें असले खेळ तासन्‌तास खेळत असतात. आणि मूल जी गोष्ट तासन्‌तास करतें, ती तें कोणत्या पद्धतीनें करतें, याची विचारपूस वडील माणसांनीं केलीच पाहिजे.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडी ओळख करून देतों. सिड मायर आणि ब्रूस शेली या रचनाकारांचा हा खेळ १९९१ मध्यें अमेरिकेंत प्रथम प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून त्याच्या सात मुख्य आवृत्त्या निघाल्या. मी येथें प्रामुख्यानें २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीविषयीं लिहीत आहें. डाव इ. स. पूर्व ४००० या वर्षीं सुरू होतो. खेळाडूजवळ एक वसाहतकार आणि एक योद्धा एवढेंच भांडवल असतें. भोंवतालचीं थोडीं घरें सोडलीं तर सारा नकाशा अंधारांत. हा नकाशा षट्कोनी घरांचा असतो, आणि प्रत्येक घर म्हणजे माळ, टेंकडी, रान, वाळवंट किंवा पाणी. बुद्धिबळाप्रमाणें येथेंहि पाळीपाळीनें खेळावयाचें असतें. सर्वांची एकेक पाळी झाली कीं एक फेरी पुरी होते, आणि नेहमींच्या गतीचा डाव ५०० फेऱ्यांपर्यंत चालूं शकतो. वसाहतकारानें नगर वसवावें. नगरानें अन्न आणि उत्पादन काढावें. त्यांतून लोकसंख्या वाढावी, नवे वसाहतकार, सैनिक आणि इमारती निघाव्या, विद्या वाढाव्या. आणि असें करीत करीत विज्ञान, संस्कृति, धर्म किंवा दिग्विजय यांसारख्या एखाद्या मार्गानें यश गांठावें, असा सारा बेत आहे. पहिल्या पन्नास-साठ फेऱ्यांत जें घडतें त्यावर पुढील डावाची मोठी मदार असते. म्हणूनच नवशिक्यांना उपदेश करणाऱ्यांची सारी गर्दी या पहिल्या फेऱ्यांभोंवतीं जमली आहे.

तो उपदेश बहुधा असा असतो. पहिल्याच फेरींत, आहे त्या जागीं नगर वसवा. प्रथम टेहळ्या काढा, मग गोफणवाला, मग वसाहतकार, पुन्हा वसाहतकार. मध्यें एक कारागीर. अमुक विद्या आधीं, तमुक विद्या मागाहून. आश्चर्यांच्या वाटेस जाऊं नका. आरंभींची जागा मनाजोगी नसेल तर डाव मोडून नवा मांडा. हा सर्व क्रम फेऱ्यांच्या आंकड्यांसह, आगगाडीच्या वेळापत्रकाप्रमाणें मांडलेला असतो. तो सांगणाऱ्यांस मी सोयीसाठीं ‘क्रमवादी’ म्हणतों. त्यांच्यांतील बरेच जण स्वतः उत्तम खेळाडू आहेत, याविषयीं वाद नाहीं. माझा आक्षेप त्यांच्या शिकवणीवर आहे.

क्रमवाद्यांचें म्हणणें अगदींच निराधार आहे, असें कोणी समजूं नये. आश्चर्यांचेंच उदाहरण घ्या. स्टोनहेंज, पिरॅमिड, झुलत्या बागा अशीं जगांतील प्रसिद्ध बांधकामें या खेळांत उभारतां येतात, आणि प्रत्येक बांधकाम जो प्रथम पुरें करील त्याचें एकट्याचेंच होतें. नवशिक्याचें मन साहजिकच तिकडे धांवतें. आतां हिशेब पाहा. स्टोनहेंजला १८० उत्पादन लागतें. राजधानी फेरीला पांच उत्पादन काढीत असेल तर त्यासाठीं ३६ फेऱ्या जातील. उलटपक्षीं, पहिला वसाहतकार ८० उत्पादनांत मिळतो आणि त्यानंतरचा ११० मध्यें. म्हणजे एका स्टोनहेंजच्या किंमतींत जवळजवळ दोन नवीं नगरें होतात. प्रत्येक वसाहतकारामागें राजधानीची लोकसंख्या एकानें घटते, हें खरें. तरीहि हीं नगरें वसल्या क्षणापासून स्वतःचें अन्न, उत्पादन आणि विद्या मिळवूं लागतात, आणि तें उत्पन्न डाव संपेपर्यंत थांबत नाहीं. शिवाय प्रतिपक्षानें एक फेरी आधीं तें आश्चर्य पुरें केलें, तर आपले सारे श्रम अर्धवट राहतात. तेव्हां ‘आश्चर्यांच्या वाटेस जाऊं नका’ या वाक्यांत तथ्य आहेच.

पण तें तथ्य कोठून आलें? तें वरील हिशेबांतून आलें. ज्यानें हिशेब समजून घेतला, त्याला पुढचीहि गोष्ट कळेल: जवळ दगडाचें घर आहे, राजधानीचें उत्पादन दुप्पट आहे, भोंवतीं नवें नगर वसविण्याजोगी जागा उरलेली नाहीं आणि प्रतिपक्ष दुर्बळ आहेत, अशा स्थितींत तेंच स्टोनहेंज बांधणें शहाणपणाचें ठरेल, कारण त्याच्याबरोबर धर्मसंस्थापकहि मिळतो. ज्यानें नुसतें वाक्य पाठ केलें, तो ही संधि समोर असूनहि तिच्यावरून निघून जाईल. हिशेब ठाऊक असलेल्याला वाक्याची गरज राहत नाहीं, आणि हिशेब ठाऊक नसलेल्याला वाक्य कोठें थांबतें तें कळत नाहीं. क्रमवादी वाक्य देतात आणि हिशेब आपल्याजवळ ठेवतात. हीच माझी मुख्य तक्रार आहे.

बुद्धिबळांतहि आरंभींच्या खेळ्या पाठ करतात कीं नाहीं, असा दाखला ते देतात. हा दाखला त्यांच्यावरच उलटतो. बुद्धिबळाची मांडणी प्रत्येक डावांत एकच असते. घोडा, उंट, वजीर आपापल्या ठरलेल्या घरांत उभे असतात. म्हणून शतकानुशतकें त्या एका मांडणीचा अभ्यास होऊं शकला. तेथेंहि पाठांतराचा अतिरेक झाल्यामुळें बॉबी फिशर यांनीं १९९६ मध्यें मागच्या रांगेंतील मोहरीं दर डावीं नव्या क्रमानें मांडण्याचा प्रकार पुढें आणला. त्यांत आरंभींच्या ९६० मांडण्या संभवतात, आणि तेवढ्यानेंच पाठांतराचें बळ पार ढिलें पडतें. सिव्हिलायझेशनचा नकाशा तर दर डावीं नव्यानें घडविला जातो: नदी कोठें, डोंगर कोठें, शेजारी कोण आणि किती दूर, यांतील कांहींच पूर्वीं पाहिलेलें नसतें. या खेळाशीं बुद्धिबळापेक्षां पत्त्यांचें नातें जवळचें आहे. हातांतलीं पानें उलगडून न पाहतां, काल जिंकलेल्या डावांत काय टाकलें होतें तें आठवून उतारी करणाऱ्या गड्याला आपण काय म्हणतों, तें वाचकांस सांगावयास नको.

नकाशाप्रमाणें खेळाडूचें राष्ट्रहि दर डावीं निराळें असूं शकतें, आणि प्रत्येक राष्ट्राचे गुण वेगळे आहेत. रोमच्या ट्राजननें वसविलेल्या नगरांत आरंभीं स्मारक आयतेंच मिळतें; यादींत ‘स्मारक बांधा’ असें लिहिलें असल्यास ती ओळ त्याच्यासाठीं निरर्थक आहे. सुमेरच्या गिल्गामेशजवळ पहिल्या फेरीपासून युद्धरथ काढण्याची सोय असते. शेजारी जवळ असल्यास त्याचा सारा विचारच बदलतो. भारताच्या पक्षाला बारव बांधतां येते, आणि तिच्यामुळें अन्न व निवारा दोन्ही वाढतात. कोरड्या मुलखाकडे हा खेळाडू वेगळ्या नजरेनें पाहील. सर्वांत बोलकें उदाहरण माओरी नेता कुपे याचें. २०१९ च्या विस्तारांत आलेला हा नायक डावाला भर समुद्रांत आरंभ करतो, आणि पहिलें नगर वसवीपर्यंत त्याला फेरीगणिक विद्या व संस्कृति यांचें जादा उत्पन्न मिळत राहतें. ‘पहिल्या फेरींत आहे त्या जागीं नगर वसवा’ हें सूत्र पाठ केलेल्या मुलानें लाटांवर काय करावें?

यावर क्रमवादी म्हणतील, ‘हे अपवाद झाले, सामान्य नियम आमचाच.’ मग त्यांनीं खेळाच्या इतिहासाकडे पाहावें. १९९१ च्या मूळ खेळांत नगर वसविणारा आणि शेतीला पाणी देणारा कामकरी एकच होता. २०१० च्या पांचव्या आवृत्तींत कामकरी वेगळा होता आणि तो डावभर टिके. त्या आवृत्तींत प्रत्येक नव्या नगरामागें साऱ्या राज्याचें समाधान घटत असे. २०१३ च्या विस्तारानंतर नगरें वाढतील तशी विद्यांची किंमतहि वाढूं लागली. त्यामुळें ‘चार नगरें पुरेत’ हा त्या काळच्या उपदेशकांचा आवडता मंत्र होता. २०१६ च्या सहाव्या आवृत्तींत विद्यांवरील तो भार गेला, समाधानाचा हिशेब नगरानगरांत निराळा झाला, आणि ‘जितकीं अधिक नगरें तितकें बरें’ असा नेमका उलटा मंत्र सुरू झाला. कामकऱ्याच्या जागीं कारागीर आला, आणि तो तीन कामें करून नाहींसा होऊं लागला. २०२५ च्या सातव्या आवृत्तींत तर कारागीरच उरला नाहीं, आणि राजधानीनंतरची नवी वसाहत आधीं गांव म्हणून जन्मते व पैसे खर्चून तिचें नगर करावें लागतें. ज्यानें क्रम पाठ केला होता त्याची विद्या दर आवृत्तीला रद्दी झाली. ज्यानें ‘नवें नगर मला काय देतें आणि माझ्याकडून काय घेतें?’ एवढा एकच प्रश्न विचारावयास शिकून घेतलें होतें, त्याची शिदोरी चारहि आवृत्त्यांना पुरली.

आणखी एक गोष्ट फारशी बोलून दाखविली जात नाहीं. हे क्रम बहुधा सर्वांत कठीण पायरीवर खेळणाऱ्यांनीं बसविलेले असतात. त्या पायरीवर प्रतिपक्षांना आरंभींच एकाहून अधिक वसाहतकार आणि जादा सैनिक दिलेले असतात. म्हणून तेथें आश्चर्यांच्या शर्यतींत उतरणें बहुधा आत्मघाताचें, आणि सैन्य लवकर काढणें अपरिहार्य. नवशिका मात्र खालच्या किंवा मधल्या पायरीवर खेळतो. तेथें प्रतिपक्ष मंद असतात, चुका पचतात, आणि कुतूहलानें केलेल्या प्रयोगांना अवसर असतो. पहिलवानाचा खुराक बाळाला चारण्यासारखाच हा प्रकार आहे. खुराक उत्तम असेल. पोट निराळें आहे.

खुद्द खेळाच्या रचनेचा कलहि क्रमवाद्यांच्या विरुद्ध आहे. सहाव्या आवृत्तींत ‘युरेका’ नांवाची एक सोय आहे: एखाद्या विद्येशीं संबंधित काम प्रत्यक्ष केलें, तर त्या विद्येचा सुमारें ४० टक्के भार आपोआप हलका होतो. समुद्रकांठीं नगर वसविलें कीं नौकानयन स्वस्त पडतें. दगडाची खाण काढली कीं गवंडीकाम. पिकाच्या विशेष घरावर शेत केलें कीं सिंचन. गोफणवाल्यानें एखादा शत्रु मारला कीं धनुर्विद्या. म्हणजे जी जमीन पायांखालीं आहे तिला साजेशी विद्या आधीं घ्यावी, असें खेळ स्वतःच सुचवितो. समुद्रकांठच्या मुलानें आणि डोंगरांतल्या मुलानें एकाच क्रमानें विद्या शिकाव्या असें म्हणणें, म्हणजे खेळानें देऊं केलेली सवलत लाथाडणें होय. खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका, अशी सिड मायर यांची प्रसिद्ध व्याख्या आहे. निर्णय दुसऱ्यानें आधींच करून ठेवले असतील तर त्या मालिकेंतून काय उरतें, हें क्रमवाद्यांनींच सांगावें.

त्यांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद मी आतां घेतों. ते म्हणतात, ‘आधीं पाठांतर, मग समज, ही आपली जुनी शिस्त आहे. मूल पाढे पाठ करतें तेव्हां त्याला गुणाकाराचें मर्म कळलेलें नसतें. तें पुढें कळतें.’ या म्हणण्याला उडवून लावतां येणार नाहीं. पाढ्यांनीं, पावकी-निमकीनें आपल्या पूर्वजांच्या पिढ्यांना हिशेबांत पटाईत केलें, आणि पाठांतराची सरसकट टवाळी करणारे बहुधा स्वतः उत्तम पाठ असलेलेच असतात. पण पाढा आणि क्रम यांत मूलतः भेद आहे. साता आठे छप्पन्न हें पुण्यांत खरें आहे, पणजींत खरें आहे आणि चंद्रावरहि खरें आहे. टेहळ्यानंतर गोफणवाला, हें एका नकाशावर खरें आणि दुसऱ्यावर खोटें आहे. पाढा हें हिशेबाचें साधन आहे. क्रम हें एका विशिष्ट गणिताचें उत्तर आहे. साधन पाठ करावें. दुसऱ्याच्या गणिताचें उत्तर पाठ करून आपल्या गणिताखालीं लिहिणाऱ्याला शून्य गुण मिळतात.

या खेळाचेहि पाढे आहेत, आणि ते नवशिक्यानें खुशाल तोंडपाठ करावे. दोन नगरांच्या मध्यें किमान तीन घरें सोडावीं लागतात. नगराची माणसें तीन घरांच्या टापूपर्यंत काम करतात. गोड्या पाण्याकांठच्या नगराला निवारा पांच, समुद्रकांठच्याला तीन, कोरड्याला दोन. राजधानीला राजवाड्यामुळें एक अधिक. लोकसंख्या निवाऱ्याच्या अगदीं जवळ पोंचली कीं वाढ निम्म्यावर येते. नगरांत पहिली पेठ एका लोकसंख्येवर, दुसरी चारांवर, तिसरी सातांवर बांधतां येते. मूळ दैवत निवडण्यास २५ श्रद्धा लागते. प्रत्येक नवा वसाहतकार मागच्यापेक्षां ३० उत्पादनांनीं महाग होतो. हीं सर्व साधनें आहेत. तीं हातीं असलीं म्हणजे कोणत्याहि नकाशावर मूल आपला हिशेब आपण मांडूं शकतें.

दुसऱ्या टोंकाला असे कांहीं आहेत कीं ज्यांना कसलीच शिकवण नको. ‘दहा वेळां हरेल, मग आपोआप शिकेल,’ असें ते म्हणतात. त्यांचेंहि मला पटत नाहीं. हरण्यानें शिकतो तो, ज्याला आपण कां हरलों तें कळतें. या खेळांत पहिल्या दहा फेऱ्यांतील चुकीचें फळ शंभराव्या फेरींत दिसतें. मधलें सूत्र नवशिक्याला एकट्यानें सांपडणें कठीण. क्रमवादी त्याला आंधळी काठी देतात, हे त्याला काठीच देत नाहींत. मार्गदर्शन अवश्य असावें. मात्र तें आज्ञांच्या रूपानें न येतां प्रश्नांच्या रूपानें यावें. माझ्या मतें आरंभींच्या फेऱ्यांसाठीं चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: पाणी कोठें आहे? पायांखालच्या घराला नदी लागून नसेल आणि दोन घरांवर ती वाहत असेल, तर एक-दोन फेऱ्या खर्चून तिकडे जाणें बहुधा किफायतीचें, कारण निवाऱ्याचा लाभ सारें युगभर मिळावयाचा आहे. नदी दहा फेऱ्यांवर असेल तर तिच्यामागें धांवणें वेडेपणाचें, कारण तेवढ्यांत शेजारी दुसऱ्या नगराच्या तयारीला लागलेला असेल. माळरानाच्या टेंकडीवर वसलेल्या नगराला आरंभींच एक उत्पादन अधिक मिळतें, तेंहि तराजूंत टाकावें. ‘आहे तेथें’ आणि ‘नदीपाशीं’ या दोहोंच्या मधली रेषा मुलानें स्वतः ओढावी.

दुसरा प्रश्न: मला काय ठाऊक नाहीं? टेहळ्या आधीं काढण्याचें कारण या प्रश्नांत आहे. एखाद्या नगरराज्याला जो सर्वांआधीं भेटतो त्याचा एक वकील, म्हणजे जुन्या अर्थानें दूत, तेथें फुकट बसतो. तें राज्य विद्याप्रिय असेल तर त्या एका वकिलापायीं राजधानीला फेरीमागें दोन विद्या अधिक मिळतात. आरंभीं राजधानीची सारी विद्याच अडीच असते, हें लक्षांत घेतां हा लाभ केवढा आहे तें दिसेल. परंतु आपण लहानशा बेटावर असूं, तर एक टेहळ्या थोड्याच फेऱ्यांत सारें बेट पालथें घालील. दुसरा काढणें म्हणजे पैसे समुद्रांत टाकणें. टेहळे किती, हें भूमि ठरविते.

तिसरा प्रश्न: धोका कोठून येईल? खेळांत ज्यांस ‘बार्बेरियन’ म्हटलें आहे त्या टोळ्यांचा टेहळ्या आधीं येतो, आपलें नगर पाहतो आणि तळाकडे परत जातो. तो बातमी घेऊन पोंचला म्हणजे धाड येते. तेव्हां त्याला परत जाऊं न देणें, हें दहा योद्धे काढण्यापेक्षां स्वस्त आहे. त्यांचे तळ कोणाच्याच नजरेंत नसलेल्या घरांतच उगवतात. म्हणून टेंकडीवर उभा केलेला एक पहारेकरी लढाई न करतांहि संरक्षण करतो. ‘दिसतील तेथें मारा’ असा क्रमवाद्यांचा आदेश असतो. पण २०२१ मध्यें निघालेल्या एका पर्यायी पद्धतींत या टोळ्यांना पैसे देऊन शांत करतां येतें, त्यांचे सैनिक भाड्यानें घेतां येतात, आणि कालांतरानें त्यांचें नगरराज्यहि बनूं शकतें. जो आदेश निसर्गनियमासारखा सांगितला जात होता, तो निर्मात्यांनीं एका पर्यायानें मोडून दाखविला.

चौथा प्रश्न: पुढचें नगर कोठें, आणि ती जागा कोण आधीं घेईल? येथें नवशिका हमखास सर्वांत सुंदर आणि सर्वांत सुरक्षित जागेकडे जातो. वस्तुतः आपल्या पाठीशीं असलेली जागा कोठेंहि पळून जात नाहीं; शेजाऱ्याच्या वाटेवरची जागा मात्र उद्यां त्याची होईल. म्हणून वादाची जागा आधीं आणि घरची मागाहून. तिकडे जाणाऱ्या वसाहतकाराबरोबर सोबत द्यावी, कारण टोळ्या त्याला पकडून नेतात, आणि ऐंशी-शंभर उत्पादनांचा ऐवज एका फेरींत बुडतो. या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे काय आधीं आणि काय मागाहून, हें आपोआप ठरतें. तो क्रम कदाचित् क्रमवाद्यांच्या क्रमासारखाच निघेल. निघूं द्या; तो त्या मुलाचा स्वतःचा असेल, आणि भूमि बदलली कीं त्याला तो बदलतां येईल.

राहतां राहिला डाव मोडण्याचा उपदेश. तो मला सर्वांत घातक वाटतो. जागा कोरडी निघाली, शेजारी लढवय्या निघाला, कीं डाव पुसून नवा मांडावयाचा, आणि नदी, टेंकडी व रेशीम एके ठिकाणीं येईपर्यंत तसेंच करीत राहावयाचें, हें धोरण यादीला सोयीचें आहे. यादी ज्या जमिनीसाठीं लिहिली ती जमीन येईपर्यंत जमिनीच बदलीत बसावयाचें! क्रम नकाशाला लागू पडत नाहीं याची याहून स्पष्ट कबुली क्रमवाद्यांनीं काय द्यावी? शेतकऱ्याला रान निवडून मिळत नाहीं. वडिलोपार्जित बरड जमीन वांट्याला आली तर तो तिचा पोत पाहून पीक ठरवितो, आणि वाफसा आल्यावांचून बीं टाकीत नाहीं. कोरड्या जागीं वसलेलें, निवाऱ्यासाठीं धडपडणारें, डोंगरांतून कालव्यानें पाणी आणणारें नगर मुलाला जेवढें शिकवील तेवढें पांच सुपीक राजधान्या शिकविणार नाहींत.

आणि येथेंच हा प्रश्न खेळापुरता राहत नाहीं. आपल्या मुलांच्या आयुष्यांतील बाकीच्या साऱ्या गोष्टींत आपण क्रम आधींच छापून ठेवला आहे. संभाव्य प्रश्न आणि त्यांचीं तयार उत्तरें, दहावीनंतर अमुक शाखा, मग अमुक प्रवेशपरीक्षा, मग अमुक पदवी. महाविद्यालयांत शिकविणाऱ्या कोणालाहि हा अनुभव आहे: प्रश्नाचे शब्द थोडे फिरविले कीं उत्तम टिपणें पाठ असलेला विद्यार्थी थबकतो. त्याला उत्तर येत नाहीं असें नसतें. प्रश्न वाचावयाचा असतो हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. अशा मुलाला एक जागा अशी मिळाली होती कीं, जेथें नकाशा खरोखरच अंधारांत आहे, चूक केली तर गुण कापले जात नाहींत, हरलें तर कोणी रागें भरत नाहीं, आणि समोरची भूमि वाचल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. तेथेंहि आपण गाईड नेऊन पोंचविलें. मुलें खेळांत वेळ घालवितात म्हणून हळहळणाऱ्या पालकांनीं या नुकसानीची हळहळ आधीं करावी.

तेव्हां माझें मागणें मोठें नाहीं. ज्यांना हा खेळ उत्तम येतो त्यांनीं नवशिक्यांसाठीं जरूर लिहावें, पण प्रत्येक सल्ल्यापुढें ‘कां’ आणि ‘केव्हां नाहीं’ हे दोन रकाने भरून लिहावें. ज्या सल्ल्यापुढें ते भरतां येत नाहींत तो देऊं नये. आणि पालकांनीं, खेळ कळो वा न कळो, एखादे दिवशीं मुलाच्या शेजारीं बसून ‘नगर येथेंच कां वसविलेंस?’ एवढें विचारावें. ‘सगळे असेंच करतात’ असें उत्तर आलें, तर तें यंत्र बंद करावयास लावण्यास माझी हरकत नाहीं. ‘इथून नदी जाते, आणि पलीकडचा माणूस इकडे सरकतो आहे’ असें उत्तर आलें, तर त्याला आणखी पन्नास फेऱ्या खेळूं द्याव्या.